घरातली यंत्रं – भाग १४ : डावीकडे बर्फ, उजवीकडे नासलेलं दूध

साइड बाय साइड फ्रीज बिघडल्याची पहिली बातमी बहुतेक घरांत दूध देतं. सकाळी तापवायला घेतलेलं दूध फाटतं, कालच लावलेलं दही आंबून जातं आणि कोथिंबीर मान टाकते. डावीकडचं दार उघडून बघावं तर मटार खडखडीत, सुरमईच्या तुकड्या जिथल्या तिथे, ओल्या नारळाचा कीस डब्याला घट्ट चिकटलेला. फ्रीजर ठणठणीत आणि फ्रीज कोमट. मग कुणाला तरी बोलावलं जातं. तो आत हात घालतो आणि म्हणतो, "गॅस गेलाय, चार्जिंग करावं लागेल." जरा जास्त धीट असेल तर थेट कॉम्प्रेसरवरच जातो.

या वाक्याशी थोडं भांडायला हवं. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि तसं असेल तर फ्रीजरही उणे १८ अंशांवर टिकत नाही, आइस्क्रीम मऊ पडतं. फ्रीजर व्यवस्थित आणि फक्त उजवी बाजू गरम असेल तर संशय आधी गॅसवर घेऊ नये.

कारण या फ्रीजच्या रचनेत आहे. बहुतेक साइड बाय साइड मॉडेलांत थंडावा तयार करणारी कॉइल एकच असते, आणि ती फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड. तिच्यावर एक लहान पंखा असतो. तो गार हवा फ्रीजरमध्ये सोडतो आणि तिचाच थोडा हिस्सा मधल्या भिंतीतल्या वाटेने उजवीकडे ढकलतो. त्या वाटेवर एक झडप असते, मेकॅनिकच्या भाषेत डँपर. उजवीकडे ३-४ अंश तापमान राहतं ते या उसन्या हवेवर. पंखा अडला, डँपर बंद स्थितीत अडकला किंवा कॉइल बर्फाने बुजली, तर पहिला उपास उजव्या बाजूला घडतो. काही महागड्या मॉडेलांत दोन्ही बाजूंना स्वतंत्र कॉइल असतात. तिथे हिशोब वेगळा, पण आपल्याकडच्या घरांत एका कॉइलचे फ्रीज जास्त.

आता बर्फाकडे येऊ, कारण निम्मी कथा तिथेच आहे. फ्रॉस्ट फ्री म्हणजे आत बर्फ साचतच नाही, असं नाही. दार उघडलं की दमट हवा आत जाते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर गोठतं. जुलैतल्या कोकणात तर विचारूच नका. ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा दीड-दोनशे वॅटचा हीटर चालू होतो, बर्फ वितळतो, पाणी ड्रेनच्या नळीतून खाली कॉम्प्रेसरवरच्या तसराळ्यात पडतं आणि त्याच्या उष्णतेने उडून जातं. घरात कुणाला याचा पत्ताही लागत नाही. ही डीफ्रॉस्टची साखळी तुटली की मात्र बर्फाचे थर चढत जातात.

फ्रीजरचे कप्पे काढून मागचं पॅनेल उघडलं की निदान डोळ्यांना दिसतं. निरोगी कॉइलवर पांढरी, पातळ, सगळीकडे सारखी पसरलेली भुकटी असते. डीफ्रॉस्ट बंद पडलेली कॉइल दिसतच नाही. पत्र्याच्या पट्ट्या, नळ्या, वायरी सगळं एका टणक पांढऱ्या ठोकळ्यात गाडलेलं असतं, आणि पॅनेल निघताना कडकड आवाज करतं कारण तेही मागून चिकटलेलं असतं. याउलट कॉइलच्या एकाच कोपऱ्यावर बर्फ आणि बाकीची नळी कोरडी असेल तर मात्र गॅसचा संशय रास्त आहे. एक स्क्रू ड्रायव्हर आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात. पॅनेल न उघडता गॅसचा निकाल देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं, असं माझं मत आहे.

बर्फ सुरीने खरवडू नका. कॉइलची नळी पातळ अ‍ॅल्युमिनियमची असते. टोक लागलं की शे-दोनशेच्या कामाचं हजारोंचं काम होतं. प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुनी चादर अंथरा आणि दिवसभर विसरून जा. पुन्हा चालू केल्यावर फ्रीज आठ-दहा दिवस उत्तम चालला आणि मग तेच रडगाणं सुरू झालं, तर दोष डीफ्रॉस्टच्या साखळीतच आहे.

या साखळीतले भाग थोडेच. हीटर, बायमेटल किंवा सेन्सर, थर्मल फ्यूज, आणि वेळ सांगणारा टायमर किंवा बोर्ड. हीटर मल्टिमीटरवर साधारण दोनशे ते साडेतीनशे ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो तुटला. थर्मल फ्यूज चांगला असेल तर नेहमी जोडलेला दिसतो आणि एकदा उडाला की कायमचा गेला. बायमेटलची मात्र गंमत आहे. तो गारठल्यावरच जोडला जातो, खोलीच्या तापमानाला उघडाच असतो. टेबलावर ठेवून मीटर लावला तर चांगला बायमेटलही मेलेला दिसतो आणि उगाच बदलला जातो. आधी दुसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवून मग तपासायचा. हे सगळे भाग कॉम्प्रेसरच्या मानाने चिल्लर किमतीचे आहेत, आणि चिल्लर भागात कमाई नसते हेही इथेच लक्षात ठेवायला हरकत नाही.

भाग कुठला हे कळलं की तो आणायचा कसा? इथे बरेच जण फोनवर "अमुक कंपनीचा, सहाशे लिटरचा, दोन दारी" एवढंच सांगतात. दुकानदार "डबल डोअर" ऐकतो, आणि त्याच्या लेखी डबल डोअर म्हणजे वर फ्रीजर, खाली फ्रीज. खरी ओळख आत चिकटवलेल्या स्टिकरवर असते. उजव्या बाजूच्या आतल्या भिंतीवर, भाजीच्या ट्रेच्या मागे किंवा दाराच्या चौकटीजवळ तो सापडतो. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवा. तिरकी रेघ किंवा टिंबानंतर येणारी शेपटी बरेच लोक सोडून देतात, पण देश, रंग, कधी कधी बोर्डाची आवृत्तीही त्या शेपटीतच दडलेली असते. सोबत सिरियल नंबरही हवा, कारण त्याच मॉडेलमध्ये मध्येच पंख्याची मोटर बदललेली असू शकते. फोटो आज काढून ठेवा. दहा वर्षांनी स्टिकरवरची अक्षरं पुसलेली असतात.

मॉडेल नंबर म्हणजे पार्ट नंबर नव्हे. पार्ट नंबर खुद्द भागावर छापलेला असतो. सॅमसंगच्या फ्रीजच्या भागांचे नंबर 'डीए'ने सुरू होतात, एलजीच्या बोर्डांवर 'ईबीआर' दिसतं. जुना भाग काढून त्यावरचा नंबर वाचला की अर्धी शोधाशोध संपते, मग सर्व्हिस सेंटरला विचारा, स्पेअर पार्टच्या दुकानात जा किंवा ऑनलाइन शोधा. बोर्डाच्या बाबतीत जपून. दिसायला तोच, कनेक्टरही तेच, पण आतला प्रोग्राम दुसऱ्या मॉडेलचा, असं सर्रास होतं. आणि बोर्ड गेला म्हणजे सगळा बोर्ड बदलायलाच हवा असंही नाही. व्होल्टेजच्या चढउताराने बहुधा त्यातला वीजपुरवठ्याचा भाग जळतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे कॅपॅसिटर, रिले सुटे मिळतात, आणि बोर्ड दुरुस्त करणारे हातही गावोगावी आहेत. नव्या बोर्डाचा भाव ऐकल्यावर त्यांच्याकडे एक फेरी मारावी.

अमेरिकेतल्या साइटवर हुबेहूब तोच भाग निम्म्या किमतीत दिसतो आणि न्यू जर्सीहून येणारा भाचा बॅगेत आणायला तयारही असतो. दाराचं रबर, कप्पे, पाण्याचा फिल्टर खुशाल मागवा. हीटर, पंख्याची मोटर, बोर्ड मागवू नका. तिथली वीज ११५ व्होल्टची. तो हीटर आपल्या २३० व्होल्टवर लावला तर व्होल्टेज दुप्पट पण उष्णता चौपट होते, आणि ही उष्णता प्लॅस्टिकच्या भिंतींच्या मध्ये. तिकडून कंटेनरमध्ये सामान घेऊन कायमचे परतलेल्यांचं उलटं असतं. त्यांच्या फ्रीजला तिकडचेच भाग लागतात, आणि ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरलं तरी ६० हर्ट्झचे ५० हर्ट्झ झालेले असतात. जुना फिरता टायमर त्यामुळे सावकाश चालतो.

दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, हा सर्वात दुर्लक्षित भाग. या फ्रीजची दारं उंच आणि अरुंद, त्यात उजव्या दाराच्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या, सॉस, लोणच्याच्या बरण्या. दार हळूहळू लोंबतं आणि बिजागरीच्या विरुद्ध बाजूचा खालचा कोपरा टेकेनासा होतो. कागदाचा कपटा दारात धरून ओढून बघा. सहज सुटून आला तर तिथून हवा जाते. पण रबर बदलण्याआधी फ्रीज समतल आहे का ते तपासा. पुढचे दोन पाय फिरवले की बऱ्याचदा दारं एका रेषेत येतात आणि कोपराही टेकतो. रबर फाटलंच असेल तर बहुतेक मॉडेलांत ते खाचेतून हाताने ओढून निघतं. कंपनीकडे मिळालं नाही तर मापाने रबर बनवून देणारे कारागीर आहेत. मात्र खाचेत बसणाऱ्या कडेचा आकार जुळायला हवा, म्हणून जुन्या रबराचा तुकडा सोबत न्या. नवं रबर घडी घालून आलं असेल तर गरम पाण्यात ठेवून त्याच्या चुण्या जाऊ द्या. साबणाच्या कोमट पाण्याने महिन्यातून एकदा पुसलं तर हे सगळं बरंच लांबतं. ब्लीच लावू नका.

बाकी देखभाल थोडक्यात. फ्रीजरच्या तळाशी बर्फाची लादी किंवा भाजीच्या ट्रेखाली पाणी दिसलं तर ड्रेन तुंबला आहे. बर्फ वितळवून मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं की तो मोकळा होतो, बहुधा एखादा मटारचा दाणाच निघतो. दिवाळीच्या साफसफाईत प्लग काढून मागचं खालचं झाकण उघडा आणि कॉम्प्रेसरजवळची धूळ ब्रशने झाडा. झुरळांना तिथली ऊब फार आवडते आणि कधी कधी बोर्डही तिथेच असतो. बाजूच्या भिंती गरम लागतात म्हणून घाबरू नका. अनेक मॉडेलांत उष्णता बाहेर टाकणारी नळी त्या पत्र्याच्या आतून जाते. म्हणूनच इंटिरियरवाल्याने प्लायवूडच्या खोक्यात फ्रीज अगदी घट्ट बसवला असेल तर त्याला प्रेमाने दोन शब्द सुनवा. इन्व्हर्टर फ्रीज "बंदच होत नाही" ही तक्रारही तक्रार नव्हे. तो कमी वेगाने बराच वेळ चालण्यासाठीच बनलेला आहे.

खरोखरच गॅसचं काम निघालं तर कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचा. नवे फ्रीज बहुतेक आर६००ए वर चालतात. हा आयसोब्युटेन आहे, म्हणजे ज्वलनशील. जुन्यांत आर१३४ए असतो. दोन्हींची अदलाबदल होत नाही. आर६००ए अगदी थोडे ग्रॅमच लागतो, त्यामुळे दहा ग्रॅमची चूकही कूलिंग बिघडवते. मेकॅनिककडे व्हॅक्यूम पंप आणि ग्रॅम दाखवणारा काटा आहे का, हे आधी विचारा. नसेल तर काम देऊ नका. भोक न शोधता नुसता गॅस भरून जाणाऱ्यालाही नको. आणि दहा वर्षांची वॉरंटी दाखवताना तिच्यातली बारीक अक्षरं वाचा. ती बहुधा नुसत्या कॉम्प्रेसरची असते. गॅस, मजुरी, बोर्ड आपल्या खिशातून.

आता भाग मिळतच नाही, तेव्हा काय? युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून फ्रीजसाठी नियम आहे. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर ७ वर्षं सेन्सर, बोर्ड, बिजागऱ्या, कप्पे मिळाले पाहिजेत, दाराचं रबर १० वर्षं, आणि ऑर्डर दिल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत. आपल्याकडे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती ठेवावी ही अपेक्षा आहे. युरोपातल्यासारखी वर्षं मोजून बांधिलकी त्यात नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. लाखभराच्या फ्रीजचं रबर पाच वर्षांनी "डिस्कंटिन्यू" झालं म्हणून ऐकावं लागणं हा शुद्ध अन्याय आहे. असं उत्तर मिळालं तर ते तोंडी न घेता लेखी मागा, मॉडेल आणि पार्ट नंबर त्यात लिहायला लावा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हा कागद उपयोगी पडतो.

एका बिघाडावर मात्र पैसे घालू नयेत असं मी म्हणेन. गळती भिंतीतल्या फोममध्ये गाडलेल्या नळीत असेल तर ती उघडून जोडता येत नाही. बाहेरून नवी नळी फिरवण्याचे जुगाड होतात आणि काही चालतातही. पण फ्रीज दहा वर्षांपलीकडचा असेल तर तो अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्याआधी कप्पे, ट्रे, शाबूत पंखा आणि बोर्ड काढून आपल्या मेकॅनिकला देऊन टाका. त्याच मॉडेलचा फ्रीज असलेलं दुसरं कुणीतरी गावात हेच भाग शोधत असतं.

(पुढच्या आठवड्यात : वॉटर प्युरिफायरचा मेंब्रेन आणि टीडीएसचा बागुलबुवा)