मोहाखालची बैठक

वांगणी आणि नेरळच्या मधे शेलू. या पट्ट्यात गावचा जुना गुत्ता शोधायचा तर दुकानाच्या पाट्या पाहून भागत नाही. ठाकूर-कातकऱ्यांची पिण्याची जागा म्हणजे घरचं अंगण नाहीतर मोहाची सावली.

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. बायकापोरं ती टोपलीत वेचतात. वाळली की मनुकांसारखी तपकिरी, चिकट होतात. मग भिजवायची, आंबवायची आणि मडक्यावर मडकं रचून गाळायची. पहिले थेंब देवाला आणि पितरांना, मग माणसांना. सोयरीक जुळवताना, लावणी उरकल्यावर, दिवसकार्याला सगळे एकत्र बसत. भांडणंही तिथंच मिटत. बायकाही बसत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हे मोडलं ते कायद्यानं. 1878च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू मक्तेदाराच्या हाती गेली. उरणच्या भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या, आणि तिथं फुलं येत थेट पंचमहालातून! दारातलं झाड मात्र संशयित ठरलं. 1892मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहफुलांचा कायदा आला आणि फुलं बाळगण्यावरही निर्बंध आले. अंगणातली धार दुकानात गेली. दुकानात रोकड लागते, नसली तर उधारी चढते. ती फेडताना भात आणि मजुरी दोन्ही जातात. पिणं तेच राहिलं, सोबत गेली.

1949च्या दारूबंदी कायद्यानं दुकानंही बंद केली. भट्ट्या ओढ्याकाठच्या झाडीत शिरल्या, गुळात नवसागर पडू लागला आणि माणसं अंधारात एकेकटी पिऊ लागली. साठच्या दशकात बंदी सैलावली, परवान्याची दुकानं परतली. पुढं महाराष्ट्रातल्या बायकांना मतदानानं दुकान बंद करायचा हक्क मिळाला; मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. जिथं आडवी जिंकली तिथल्या बायकांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी जे आडवं केलं ते उधारीचं दुकान होतं. ज्या बैठकीत त्यांच्या आज्या बसत, ती तर कधीच उठली होती.

शेलूत आता स्टेशनाभोवती इमारती उभ्या राहिल्यात. 2021मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांवरचे निर्बंध उठवले. वेचलेली फुलं आता उघड्यावर विकता येतात. ती गाळायला मात्र आजही परवाना लागतो.