शाळेच्या कपाटातील इतिहास

इतिहास म्हटला की राजधान्या, किल्ले आणि लढाया एवढेच आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हा इतिहास कळला कशावरून, हा प्रश्न ते सहसा विचारीत नाहीत. आणि आपणही तो त्यांच्यापुढे ठेवीत नाही. वास्तविक इतिहासाची पुष्कळशी साधने लहान गावांतील माळ्यांवरून, देवघरांतून व चावड्यांतून मिळालेली आहेत.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. वाई येथे हाती आलेल्या कागदांवरून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. आपल्या जिल्ह्यातील उदगीर येथे १७६० च्या फेब्रुवारीत मराठे व निजाम यांच्यात झालेली लढाई याच काळातील होय. पुढे या मालेचे २२ खंड झाले. मराठवाड्यातही राजवाडे हिंडले. बीड येथे मिळालेल्या जुन्या हस्तलिखितावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. गावोगाव जाऊन, घरोघर विचारपूस करून त्यांनी हे कागद मिळविले.

शिरूर अनंतपाळ परिसराच्या बाबतीत असा शोध अधिकच अगत्याचा आहे. पूर्वी निलंगा तालुक्यात असलेली ही गावे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होती. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत ती उस्मानाबाद जिल्ह्यात आली आणि १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर लातूरमध्ये गेली. त्यामुळे एकाच गावचे जुने कागद तीन ठिकाणी विखुरलेले असणे संभवते. आणि ते मराठी, मोडी व उर्दू अशा निरनिराळ्या लिप्यांत असतात. ज्याला लिपी वाचता येत नाही त्याला कागद निरुपयोगी वाटतो, आणि निरुपयोगी वाटलेला कागद रद्दीत जातो.

अशा कागदांचे मोल किती, हे २०२३ साली सर्वांना दिसून आले. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दीड कोटीहून अधिक जुने कागद तपासले गेले व आरंभीच्या अहवालात ११,५३० नोंदी मिळाल्याचे सांगण्यात आले. तपासलेल्या कागदांत शाळांच्या जुन्या नोंदवह्याही होत्या. त्या वेळी मोडी व उर्दू जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. त्या प्रश्नाविषयी मते काहीही असोत. एका शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ एका कुटुंबास किती महत्त्वाची ठरू शकते, एवढा बोध आपण घ्यावा.

एका शाळेच्या तपासणीच्या वेळी, कपाट डळमळू नये म्हणून त्याच्या पायाखाली घातलेले एक जाड पुस्तक माझ्या दृष्टीस पडले. बाहेर काढून पाहतो तो ती फसली सनातील दाखल-खारीज नोंदवही! निम्मी पाने वाळवीने खाल्ली होती. त्या पानांवरील मुलांच्या जन्मतारखांचा दुसरा पुरावा बहुधा कोठेच नसेल. त्या दिवशी मला राग आला, आणि मग आठवले की शिक्षक असताना मी स्वतः अशी वही कधी उघडून पाहिली नव्हती.

म्हणून शोधाचा आरंभ आपल्याच कपाटापासून करावा. दाखल-खारीज नोंदवह्या, हजेरीपट, शेरेबुके व जुने पत्रव्यवहार क्रमाने लावावेत. त्यानंतर तलाठ्यांच्या व ग्रामसेवकांच्या परवानगीने चावडीतील व ग्रामपंचायतीतील जुने कागद पाहावेत. शेवटी मठ, मंदिर, दर्गा, वाचनालय, आणि पाटील, कुलकर्णी, देशमुख व व्यापारी यांची जुनी घराणी यांच्याकडे आदराने विचारणा करावी. सनदा, महजर, इनामपत्रे, पोथ्या व जमाखर्चाच्या वह्या तेथे आढळतात.

सन वाचण्याची रीत सोपी आहे. शकात ७८ मिळविले असता बहुतेक महिन्यांचे इसवी साल मिळते. हैदराबाद राज्यातील फसली सनात ५९० मिळविले असता तो सन ज्या साली सुरू झाला ते साल निघते. उदाहरणार्थ, फसली १३५७ हे वर्ष ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू झाले. हैदराबाद मुक्त झाल्याचा १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस त्याच वर्षाच्या अखेरीस येतो. त्या वर्षी पटावरील मुले एकाएकी कमी झालेली दिसली, तर त्याचे कारण गावातील वृद्धांना विचारावे. पाचवी ते सातवीच्या मुलांना सोबत न्यावे. इतिहासाचा याहून चांगला पाठ कोणता?

कागद हाताळताना काही पथ्ये अवश्य पाळावीत. हात कोरडे व स्वच्छ असावेत. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. पुसट झालेले एक अक्षरही गिरवू नये, कारण गिरवलेल्या अक्षराबरोबर पुराव्याचा विश्वास जातो. यादी पेन्सिलीने करावी. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे व कागद स्वच्छ सुती रुमालात बांधून, जमिनीपासून उंच व ओल नसलेल्या जागी ठेवावेत. खाजगी कागद मालकाच्या घरून हलवू नयेत. त्यांची यादी तेवढी मागावी. लोकांच्या जातीच्या व कर्जाच्या नोंदी चारचौघांत वाचून दाखवू नयेत. शासकीय अभिलेख परस्पर नष्ट करता येत नाहीत. त्याकरिता महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. मोडी लिपीचे प्रशिक्षणवर्ग पुराभिलेख संचालनालय घेत असते. प्रत्येक केंद्रातून निदान एका शिक्षकाने ती लिपी शिकावी.

शिक्षकबंधुभगिनींनो, गावात लिहिता-वाचता येणारा व सर्वांच्या घरी ज्याला मान आहे असा माणूस म्हणजे आपणच. येत्या सुट्टीपूर्वी एक दुपार काढून आपल्या शाळेचे सर्वांत जुने पुस्तक शोधावे, त्यावरील धूळ झटकावी आणि त्याचे वर्ष यादीत लिहावे. एवढ्यानेच कामाचा आरंभ होतो.