सुतारकामातील धूळसंकलन यंत्रणा

सुतारकामातील धूळसंकलन यंत्रणा म्हणजे लाकूड कापताना, रंधताना किंवा घासताना उडणारा भुसा व सूक्ष्म धूळ उगमाजवळच ओढून घेणारी आणि हवेपासून वेगळी करणारी पंखा, नळ्या, विभाजक व गाळणी यांची जोडणी होय. मोठ्या कारखान्यात तिची आखणी अभियंते करतात. एकदोन कारागिरांच्या सुतारशाळेत मात्र निवड मालकालाच करावी लागते आणि ती बहुधा मोटारीच्या अश्वशक्तीवरून केली जाते. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. आधी धूळ कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे, मग ती कोठून उडते ते, त्यानंतर नळी व गाळणी ठरवावी आणि सर्वांत शेवटी मोटार.

भुसा आणि धूळ

रंध्याचे छिलके आणि करवतीचा भुसा जड असल्याने पायाशी पडतो व झाडूने गोळा होतो. त्याने दुकान अस्वच्छ दिसते, पण फुप्फुसात पोहोचतात ते सुमारे १० मायक्रॉनपेक्षा लहान कण. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. एकदोन मायक्रॉनचे कण यंत्र बंद झाल्यावरही तासन्‌तास तरंगत राहतात. एरवी न दिसणारी ही धूळ कौलांतून उतरणाऱ्या कवडशात दिसते. धूळ पाहण्याची एक मान्य पद्धतही याच तत्त्वावर आधारलेली आहे. अंधाऱ्या खोलीत प्रखर दिव्याचा झोत धुळीच्या मागून आपल्या दिशेने सोडला आणि दिवा स्वतः आडोशाला ठेवला, तर यंत्रातून निसटणारे लोट स्पष्ट दिसतात. यंत्रणा घेण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर हा प्रयोग अवश्य करावा. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही.

इंग्लंडमधील हाय विकम हे फर्निचर व्यवसायाचे जुने केंद्र आहे. त्या परिसरातील कारागिरांमध्ये नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण असल्याचे ई. डी. अ‍ॅचेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. कर्करोगाखेरीज दमा व त्वचादाह हे अधिक नित्याचे विकार होत. सागवान आणि शिसवी यांच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते, शिवाय तिच्यात बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्य असते.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा एका घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम अशी आहे. युरोपीय संघाने २०२३ पासून कठीण लाकडांसाठी २ मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आहे. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद व नऊ फूट उंच खोलीत सुमारे ७६ घनमीटर हवा मावते. म्हणजे अवघी ७६ मिलिग्रॅम, चिमूटभरही न भरणारी धूळ तरंगत राहिली तरी पहिली मर्यादा गाठली जाते. पोतेभर भुसा गोळा करणारे यंत्र ही चिमूट सोडून देत असेल, तर आरोग्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग थोडाच.

भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम १४ ने धूळ शक्य तितकी उगमाजवळ ओढून घेण्याचे तत्त्व घालून दिले. परंतु विजेवर चालणाऱ्या ज्या दुकानांत दहापेक्षा कमी कामगार असत, त्यांना तो अधिनियम सामान्यतः लागू होत नसे. सुतारशाळा बहुतांशी याच वर्गातल्या.

दाब आणि प्रवाह

दुकानी व्हॅक्यूम क्लीनर आणि धूळसंकलक हे एकाच यंत्राचे लहानमोठे आकार नव्हेत. व्हॅक्यूमचा ओढण्याचा दाब मोठा असतो, पण तो मिनिटाला शंभर-दीडशे घनफूट एवढीच हवा खेचतो. हातात धरायचा सँडर, राउटर व हाती गोल करवत यांच्या अरुंद तोंडांना तोच योग्य. टेबल करवत, पट्टा करवत किंवा जाडी काढणारे रंधायंत्र यांच्या भोवतीची हवाच वाहून न्यावी लागते आणि तेथे कमी दाबाचा पण मोठ्या प्रवाहाचा धूळसंकलक लागतो. ज्याच्याकडे केवळ हाती यंत्रे आहेत, त्याने मोठा धूळसंकलक घेण्यात काहीच अर्थ नाही. चांगल्या गाळणीचा व्हॅक्यूम आणि त्याच्याआधी बसवलेला छोटा सायक्लोन एवढे त्याला पुरते.

लाकडाचा भुसा नळीत साचू नये म्हणून हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फूट असावा लागतो. या वेगाने चार इंची नळीतून मिनिटाला साधारण ३५० घनफूट हवा जाते, तर सहा इंची नळीतून ७८५. म्हणून १,२०० घनफुटांची जाहिरात केलेला धूळसंकलक लांब चार इंची नळीला जोडला, तर त्याच्या क्षमतेचा बराचसा भाग वाया जातो. यंत्राच्या संचाला ३५० घनफूट पुरेत असे जुनी कोष्टके सांगतात, पण तो हिशेब मुख्यतः भुशाचा आहे. सूक्ष्म धूळ पकडण्यासाठी याच्या दुप्पट व त्याहूनही अधिक प्रवाह हवा, असे मानणारे जाणकार आहेत. आपल्या बाजारात सांडपाण्यासाठी मिळणाऱ्या ११० व १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी नळ्या अनुक्रमे चार व सहा इंचांच्या जवळ येतात. पन्हळी लवचीक नळीत गुळगुळीत नळीपेक्षा घर्षण कितीतरी जास्त असते, म्हणून ती शेवटच्या हातभर अंतरापुरतीच ठेवावी. काटकोनी वळणाऐवजी पंचेचाळीस अंशांची दोन वळणे द्यावीत.

नळीचे तोंड उगमाला चिकटून असणे हे मोटारीपेक्षा महत्त्वाचे आहे. उघड्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढ्या अंतरावर ओढीचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. फुंकर दूरवर जाते, ओढ जात नाही. टेबल करवतीखालची पेटी बंद केली तरी पात्याच्या वरून धूळ उडतच राहते, म्हणून पात्यावरच्या झाकणालाही एक नळी हवी.

आयात केलेल्या यंत्रांबाबत एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे, तर भारतात ५०. मोटारीच्या दांड्यावर थेट बसवलेला पंखा तेथे मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे घेतो, येथे सुमारे २,८५०. प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात घटतो व दाब त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. तेव्हा तेथील पत्रकावरचा आकडा येथे प्रवाहात ८३ टक्के आणि दाबात ६९ टक्केच उरतो. त्यातच असे आकडे अनेकदा नळी व गाळणी न जोडता मोजलेले असतात.

विभाजक, गाळणी आणि हवामान

एकटप्पी धूळसंकलकात सर्व भुसा पंख्यातूनच पिशवीत जातो. सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरून जड कण आधीच खालच्या पिंपात पडतात व गाळणी लवकर चोंदत नाही. (पिशवीविरहित व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना जेम्स डायसन यांना लाकडाच्या गिरणीवरील सायक्लोन पाहूनच सुचली.) तीस मायक्रॉनची कापडी पिशवी मात्र टाळलेलीच बरी. ती भुसा अडवते आणि सर्वांत घातक धूळ डोक्याच्या उंचीवर खोलीभर पसरवते. अशा पिशवीचे दुकान झाडूच्या दुकानापेक्षा स्वच्छ दिसते, पण श्वासासाठी अधिक वाईट असू शकते. गाळणी एक मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक व भरपूर क्षेत्रफळाची असावी.

थंड देशांत तापवलेली हवा बाहेर सोडणे परवडत नाही, म्हणून तेथे गाळणी अपरिहार्य ठरते. महाराष्ट्रात ती अडचण नाही. शेजारी घर, शाळा किंवा गोठा नसेल, तर सायक्लोननंतरची हवा सरळ बाहेर सोडणे हा स्वस्त आणि बहुधा सर्वोत्तम उपाय होय. मात्र बाहेर गेलेल्या हवेइतकी हवा आत येण्यासाठी खिडकी उघडी हवी. दाट वस्तीत हा मार्ग नाही. तेथे गाळणी वापरावी आणि कोकणासारख्या दमट भागात पावसाळ्यात ती ओलाव्याने चिकटते, हे लक्षात घेऊन वरचेवर झटकावी. झटकताना मुखपट्टी आवश्यकच. छताला टांगायचे हवाशोधक उपयुक्त असले तरी ते उरलेल्या धुळीसाठी आहेत. कारागिराच्या नाकापर्यंत धूळ आधी पोहोचते, शोधकापर्यंत नंतर.

आग

पीव्हीसी नळीतील स्थिर विजेने स्फोट होईल अशी भीती पुष्कळदा घातली जाते. लहान दुकानात अधिक वास्तव धोका ठिणगीचा आहे. जुन्या वाड्यांतून काढलेल्या सागवानात खिळे राहून जातात. पाते खिळ्यावर आदळून उडालेली ठिणगी भुशात धुमसत राहते आणि दुकान बंद झाल्यावर पेट घेते. म्हणून लोखंड घासण्याचे यंत्र या नळीला कधीही जोडू नये व पिंप रोज संध्याकाळी बाहेर रिकामे करावे. त्यातला निव्वळ लाकडाचा भुसा भुशाच्या शेगडीत किंवा खतात चालतो. एमडीएफ व प्लायवूडचा भुसा त्यात मिसळू देऊ नये.