त्वचेखालचा वायू

हाताच्या त्वचेत केसासारखी बारीक नळी सरकवायची, वर छोटा हीटर ठेवायचा आणि त्वचा ४२ अंश सेल्सियसपर्यंत तापवायची. लेझरवर रक्ताचा ओघ दिसत राहतो. तो आधी एकदम उसळतो, जरा ओसरतो, मग सावकाश चढून वर टेकतो. ही दुसरी, संथ चढण मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडची करामत. हो, मोटारींच्या धुरातलाच वायू! रक्तवाहिनीच्या आतलं, एका पेशीच्या जाडीचं अस्तर तो सोडतं. स्नायू सैलावतात, वाहिनी रुंदावते आणि काही सेकंदांत वायू गायब. या वायूच्या कामाचं कोडं सोडवणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

अमेरिकेत धडधाकट तरुण मंडळींवर ही चाचणी झाली, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या आलेखात ती संथ चढण तोकडी पडलेली दिसली. ना मधुमेह, ना रक्तदाब, तरीही! स्त्रियांच्या बाबतीत तर नवल अधिकच. इस्ट्रोजेन या वायूच्या निर्मितीला हातभार लावतं. तरीही मासिक पाळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजून पाहिलं, तर तरुण कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सूक्ष्म वाहिन्या गोऱ्या मैत्रिणींच्या मानाने कमीच फुलल्या. पुढे अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना उच्च रक्तदाब गाठतो, त्याची चाहूल इथे इतक्या लवकर लागते.

मग वायू तयारच होत नाही का? २००४ साली नाळेतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी तपासल्या, तेव्हा वेगळीच गंमत निघाली. कृष्णवर्णीय दात्यांच्या पेशींत वायू बनवणारं विकर कमी नव्हतं, उलट जास्तच होतं. पण सुपरऑक्साइड नावाचा आडदांड रेणूही जास्त होता आणि तो वायूला वाटेतच गिळत होता. त्वचेतल्या नळीतून सुपरऑक्साइड निपटणारं औषध सोडलं, तर तोकडी चढण बरीच सावरते.

‘वंशच तसा’ म्हणून हात झटकायची घाई मात्र नको. संशोधक रिचर्ड कूपर यांच्या गटाने १९९७ साली पश्चिम आफ्रिकी मुळांच्या लोकांतला उच्च रक्तदाब मोजला. पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६, अमेरिकेत ३३. पूर्वज त्याच भागातले, आकडा दुप्पट. वजन आणि मिठाने त्यातला काही भाग उलगडतो. संशोधक आर्लीन जेरोनिमस तर १९९२ पासून सांगताहेत की वर्णद्वेषाचा रोजचा ताण शरीराला अकाली झिजवतो.