विश्लेषण : एकच तक्ता, ४५ पाने… पुस्तक छपाईच्या दरांची ऑनलाइन तुलना कशी तयार होते?

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाचा हिशोब श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावात वर्षानुवर्षे एकच होता. ऑफसेटवर पाचशे प्रती छापायच्या, शंभरेक भेट द्यायच्या, प्रकाशन समारंभात खपतील तेवढ्या खपवायच्या आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकायचे. कवयित्री सुमती लांडे यांच्या ‘शब्दालय प्रकाशना’मुळे श्रीरामपूरचे नाव मराठी पुस्तकांच्या नकाशावर आहे खरे, पण प्रत्येक हस्तलिखिताला प्रकाशक मिळत नाही. निवृत्तीनंतर आठवणी लिहिणारे शिक्षक किंवा पहिला संग्रह काढणारी कवयित्री यांना पदरमोडच करावी लागते.

आता ‘प्रिंट ऑन डिमांड’ म्हणजे मागणीनुसार छपाईचा पर्याय आला आहे. मागणी आली की एक प्रत छापायची. पण कोणाकडे? मोबाइलवर शोधले की ‘अमुक कंपनी की तमुक कंपनी’ अशा शीर्षकांची पानेच्या पाने समोर येतात. ही पाने कोणी एकेक करून लिहिलेली नसतात. बहुतेकदा त्यांच्यामागे एकच तक्ता असतो. तो नीट असेल तर पाने कामाची. तो शिळा किंवा लबाड असेल तर लेखकाचे काही हजार रुपये चुकीच्या जागी जातात.

मागणीनुसार छपाई स्वस्त असते का?

एका प्रतीसाठी स्वस्त, हजार प्रतींसाठी महाग. ऑफसेटमध्ये प्रत्येक फॉर्मसाठी प्लेट बनवावी लागते आणि यंत्र जुळेपर्यंत कागद वाया जातो. हा खर्च दहा प्रती काढा की हजार, तेवढाच. म्हणून कमी प्रती परवडत नाहीत. डिजिटल यंत्रात प्लेट नाही. पीडीएफ थेट छापली जाते. त्यामुळे पहिली प्रत आणि शंभरावी प्रत यांच्या खर्चात फारसा फरक राहत नाही.

अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘लायटनिंग सोर्स’ने हे तंत्र पुस्तक व्यवसायात रुजवले. भारतात बंगळुरूची ‘पोथी डॉट कॉम’ २००८ पासून या व्यवसायात आहे. चेन्नईची ‘नोशन प्रेस’, मुंबईची ‘रेप्रो’ ही आणखी काही नावे. टी-शर्ट, मग, वह्या यांच्यासाठीही अशाच कंपन्या आहेत. तिथे दुकान तुमचे, माल आणि छपाई त्यांची.

एका तक्त्यातून इतकी पाने कशी?

श्रीरामपुरातल्या कोणत्याही डीटीपी चालकाला हे वेगळे समजवावे लागणार नाही. शाळेची ओळखपत्रे छापताना तो हेच करतो. एक्सेलमध्ये नाव, इयत्ता, जन्मतारीख, फोटोचा क्रमांक. ओळखपत्राचा साचा एकच. आणि ‘मेल मर्ज’ दिले की सहाशे मुलांची सहाशे कार्डे तयार. तुलनेच्या पानांतही तेच असते. तक्त्यात प्रत्येक कंपनीची एक ओळ, प्रत्येक गुणधर्माचा एक रकाना. संकेतस्थळ तयार करणारी प्रणाली तो तक्ता वाचते आणि साच्यात आकडे भरून पाने काढते.

दहा कंपन्या असतील तर त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या ४५ होतात. वीस असतील तर १९०. शिवाय प्रत्येक कंपनीचे स्वतंत्र पान आणि सगळ्यांचा एकत्र तक्ता. दहापैकी एका कंपनीने दर बदलला तर जोड्यांची ९ पाने, तिचे स्वतःचे एक आणि एकत्र तक्त्याचे एक, अशी ११ पाने बदलावी लागतात. हाताने करायचे म्हटले तर दोन-चार राहून जातात आणि एकाच संकेतस्थळावर एकाच कंपनीचे दोन दर दिसू लागतात. एकाच तक्त्यावरून पाने निघत असतील तर एक चौकोन बदलायचा आणि पाने पुन्हा काढायची.

याचे मराठी उदाहरण कुठे आहे?

शेतकऱ्याच्या मोबाइलमध्येच आहे. पुण्यातील राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव येतात. श्रीरामपूर बाजार समितीतील कांद्याची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर एकदा नोंदवला की तोच आकडा ‘कांदा’ या पिकाच्या पानावरही दिसतो आणि बाजार समितीनुसारच्या पानावरही. केंद्राचे ‘अ‍ॅगमार्कनेट’ २००० सालापासून याच तत्त्वावर चालते.

या पानांची रचना देखणी नाही, पण तीन गोष्टी तिथे चुकत नाहीत : आकड्याशेजारी तारीख असते, एकक क्विंटल असल्याचे लिहिलेले असते आणि किती आवकेवर हा भाव निघाला तेही असते. ‘सर्वोत्तम बाजार समिती’ असा शिक्का कोणावर मारलेला नसतो. छपाई कंपन्यांची तुलना करणाऱ्या चकचकीत पानांवर नेमक्या याच गोष्टी सापडत नाहीत.

तक्त्यात नेमके काय भरायचे?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. तक्ता करणारा ‘प्रतीचा दर’ असा एक रकाना करतो आणि त्यात एक आकडा टाकतो. तो आकडा कोणत्या पुस्तकाचा? त्याऐवजी दराचे घटक वेगवेगळे ठेवले पाहिजेत : आतील पृष्ठाचा दर, मुखपृष्ठ व बांधणीचा खर्च, किमान प्रती, टपाल किंवा कुरियर, आणि आकडा कर धरून आहे की वगळून.

फरक किती पडतो ते एका काल्पनिक हिशोबावरून कळेल. समजा, ‘अ’ कंपनी पृष्ठाला ६० पैसे आणि मुखपृष्ठ-बांधणीचे ४० रुपये घेते. ‘ब’ कंपनी पृष्ठाला ४५ पैसे आणि मुखपृष्ठ-बांधणीचे ७० रुपये घेते. १६० पृष्ठांच्या कवितासंग्रहाला ‘अ’चे १३६ रुपये होतात आणि ‘ब’चे १४२. पण २४० पृष्ठांच्या आत्मचरित्राला ‘अ’चे १८४ आणि ‘ब’चे १७८. म्हणजे कवीला ‘अ’ स्वस्त, आत्मचरित्रकाराला ‘ब’. बरोबर २०० पृष्ठांवर दोघे सारखे. ‘ब’ने घरपोच पाठवणे मोफत ठेवले आणि ‘अ’ने त्याचे वेगळे पैसे लावले तर कवीचेही उत्तर उलटते. ‘सर्वात स्वस्त कोण’ असे ठळक अक्षरांत लिहिणारे पान यातले कोणते पुस्तक धरून बोलते, हे विचारायलाच हवे. चांगले पान पृष्ठसंख्या विचारते आणि हिशोब समोर मांडते.

मराठीत आणखी एक खाच आहे. ‘पान’ म्हणजे काय? मुद्रक पृष्ठ मोजतो, घरात आपण पान म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक कागद मोजतो. ८० पाने म्हणजे १६० पृष्ठे. गावातला ऑफसेटवाला तर सोळा पानी फॉर्मच्या हिशोबाने दर सांगतो आणि त्याचे ते ‘पान’ पृष्ठ असते! ही सगळी एकके एका मापात आणल्याशिवाय तक्त्यात आकडा टाकू नये. नाहीतर कोणीतरी निम्म्या किमतीत छापून देतो असे दिसायचे.

‘मराठी चालते’ या रकान्यातही नुसते ‘हो’ पुरत नाही. तीन वेगळे प्रश्न आहेत. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ छापून मिळते का? विक्रीच्या पानावर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव देवनागरीत येते का? आणि त्याच मजकुराचे ई-पुस्तक निघते का? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’तील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर छापील पुस्तकात सुबक येतो. ई-पुस्तकासाठी मात्र तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. त्यात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, म्हणजे मुद्रितशोधन पुन्हा.

श्रीरामपूर नेमके कोणते?

घरपोच किती दिवसांत आणि किती रुपयांत, हा रकाना गावागणिक बदलतो. इथे गावाच्या नावावर विसंबणे धोक्याचे. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाचे नाव बेलापूर आहे आणि दुसरे बेलापूर नवी मुंबईत आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अनेक अर्जांत, यंत्रणांत जुने नाव अजून आहे. पश्चिम बंगालमध्येही एक श्रीरामपूर आहे आणि योगायोग असा, की मराठी छपाईचा इतिहास त्या गावाशी बांधलेला आहे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथल्याच मिशन छापखान्यात छापले गेले.

म्हणून तक्त्यात नावाऐवजी पिनकोड ही खूण धरतात. ४१३७०९ म्हटले की अहिल्यानगर जिल्ह्यातलेच श्रीरामपूर. गावाचे व जिल्ह्याचे नाव पिनकोडला जोडून एकदाच लिहायचे. उद्या ते बदलले तर एकाच ठिकाणी बदलेल.

आकडे इतके बदलतात का?

गेल्या दोन-तीन वर्षांकडे पाहा. पुस्तके कमी खर्चात पाठवण्याची टपाल खात्याची ‘नोंदणीकृत बुक पोस्ट’ सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. २०२५ मध्येच रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के कर लागू झाला. त्याआधी ही सवलत एक हजार रुपयांपर्यंतच होती. छापील पुस्तकावर कर नाही, पण बऱ्याचशा कागदावरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. मांडणी, मुखपृष्ठरचना या सेवांची आकारणी वेगळीच असते.

एवढ्या बदलांनंतरही २०२३ मध्ये लिहिलेले तुलनेचे पान शीर्षकात चालू वर्ष टाकून फिरत असते. शीर्षकातले वर्ष आपोआप बदलणे फार सोपे असते, आकडे तपासणे कष्टाचे. त्यामुळे तक्त्यात ‘शेवटची तपासणी’ हा रकाना हवाच, तोही प्रत्येक आकड्यासाठी, आणि वाचकाला दिसेल असा. तीन महिन्यांपेक्षा जुना आकडा फिकट दिसावा किंवा पानावरून निघून जावा, अशी सोय साच्यातच करता येते.

एक तक्ता म्हणजे चूकही एकच?

होय, आणि ती सगळीकडे. दशांश चिन्ह एक घर सरकले की ६० पैशांचे ६ रुपये होतात आणि एका क्षणात ११ पाने खोटी ठरतात. हाताने लिहिलेल्या पानांत चूक एका जागी राहते, इथे ती पसरते. यावर उपाय जुनाच आहे : दुसऱ्या माणसाची नजर. पृष्ठाचा दर अमुक मर्यादेबाहेर गेला तर पाने निघूच नयेत, अशी अटही घालतात. आणि दर महिन्याला एक खरी पीडीएफ दोन-तीन कंपन्यांच्या संकेतस्थळावर चढवून त्यांचा हिशोब आपल्या हिशोबाशी ताडून पाहणे, याला पर्याय नाही.

दुसरा धोका पानांच्या संख्येचा. साचा हाताशी आला की १९० पाने काढण्याचा मोह होतोच, मग त्यातल्या दीडशे पानांत नाव सोडून काही वेगळे नसले तरी. शोधयादीत वर येण्यासाठी अशी घाऊक पाने काढण्याला गुगलने मार्च २०२४ मध्ये ‘स्पॅम’ धोरणात स्पष्टपणे धरले. ज्या जोडीत सांगण्यासारखा फरक नाही, तिचे पान न काढणेच बरे.

कमिशन कोण देते?

तुलनेच्या पानावरील दुव्यावरून गिऱ्हाईक गेले की अनेकदा पान चालवणाऱ्याला कंपनीकडून कमिशन मिळते. तसे संबंध असतील तर ते उघड करावेत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तक्त्यात ‘कमिशन मिळते का’ हा रकाना ठेवला आणि तोही साच्यातून छापला, तर प्रत्येक पानावर ते आपोआप दिसेल. हा रकाना लपवणारे संकेतस्थळ बाकीच्या रकान्यांतही काय करत असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

कमिशनमुळे एक स्पर्धक या तुलनेत बहुधा येतच नाही : गावातला छापखाना. त्याचे संकेतस्थळ नाही, तो दुव्याचे पैसे देत नाही. पण तीनशे-चारशे प्रतींची खात्रीची मागणी असेल, समजा एखाद्या शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक असेल, तर ऑफसेटचा दर प्रत्यक्ष विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये. श्रीरामपूरसाठी कोणी असा तक्ता केलाच तर पहिली ओळ त्याची असावी. त्याचा दर फोनवर विचारून, कागद किती जीएसएमचा आणि फॉर्म किती पृष्ठांचा हे लिहून घ्यावे लागेल.

लेखकाने लगेच काय पाहावे?

पीडीएफची अंतिम पृष्ठसंख्या आधी पक्की करावी आणि तोच आकडा प्रत्येक ठिकाणी टाकावा. एकच प्रत आपल्या पिनकोडवर मागवून एकूण बिल पाहावे. छपाई, पोच आणि कर मिळून. त्या प्रतीत ‘र्‍य’, ‘ऱ्ह’, ‘द्ध’ आणि रफार असलेली पाने आधी उघडावीत. आयएसबीएनसाठी कंपनी वेगळे पैसे मागत असेल तर थांबावे : राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो क्रमांक विनाशुल्क मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो. आणि पुढच्या प्रती स्वतःच पाठवायच्या असतील तर ‘ज्ञान पोस्ट’चा दर पाहून ठेवावा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा तो सुरुवातीला जाहीर झाला. मात्र पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते आणि आत जाहिराती चालत नाहीत.