नवे कॉफीयंत्र घरी आल्यावर

नवा बिडाचा तवा आणला आणि पहिलेच घावन अखंड निघाले, असे सहसा होत नाही. घरातील जुन्या माणसांना हे ठाऊक असते. म्हणून पहिली दोन-चार घावने मोडली तरी तव्याला कोणी नावे ठेवत नाही. एस्प्रेसो कॉफीचे यंत्र घरात आले की मात्र आपली अपेक्षा वेगळी असते. एवढे पैसे मोजले, आता कळ दाबायचा अवकाश, की हॉटेलातल्यासारखी कॉफी कपात उतरली पाहिजे! प्रत्यक्षात उतरते ते कधी आंबट पाणी, कधी जळकट काढा. आणि कधी तर यंत्र नुसतेच घुरघुरते, थेंबसुद्धा पडत नाही. आठवडाभर असे झाले की घरात कुरबूर सुरू होते आणि महिन्याभरात यंत्र माळ्यावर जाते. हे टाळता येण्यासारखे आहे. यंत्राचे काम कोणते आणि आपले कोणते, एवढे समजून घ्यायला हवे.

एस्प्रेसो म्हणजे दाबाखाली काढलेली कॉफी. मिलान शहरातील लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबावर कप-कप कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मागितले. वाफेचा दाब बेताचाच असे. पुढे अकिले गाज्जा यांनी १९३८ साली वाफ सोडून गरम पाणीच जोराने ढकलण्याची युक्ती काढली; महायुद्धानंतर त्यांची दांड्याची यंत्रे निघाली आणि कपावर तो सोनेरी-तांबूस फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, दिसू लागला. १९६१ साली फाएमा कंपनीच्या यंत्रात हे काम विजेच्या पंपाकडे आले. आज आपल्या ओट्यावर बसते ते बहुधा पंपाचेच यंत्र.

हा दाब साधारण ९ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे नऊपट. ५८ मिलिमीटर व्यासाच्या चाळणीतील कॉफीवर त्याचा भार सुमारे २४० किलो येतो. पन्नास किलोची जवळजवळ पाच पोती त्या एवढ्याशा चकतीवर ठेवली आहेत, असे समजा ना! खोक्यावर १५ बार असे ठळक छापलेले असते. ती पंपाची कमाल ताकद. कॉफी काढताना तेवढा दाब लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. यंत्र गरम पाणी पुरवते आणि ढकलते. त्या पाण्याला अडवायचे काम मात्र पुडीने करायचे असते. पूड जाड असेल तर पाणी धावत निघून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट होते. पूड फार बारीक असेल तर पाणी रेंगाळते, नको तेवढे काढून आणते, आणि कॉफी कडू, तुरट होते. कारण दाण्यातील आंबट द्रव्ये आधी विरघळतात, गोडवा मागून येतो, आणि कडवटपणा सर्वांत शेवटी. तेव्हा कॉफी बिघडली की पहिला संशय यंत्राचा न घेता दळणाचा घ्यावा.

दळण किती बारीक? बारीक रव्याहून बारीक, पण मैद्यासारखे गुळगुळीत नव्हे. चिमटीत किंचित कणी लागावी. मिक्सरमध्ये असे दळण होत नाही. त्यात काही पीठ होते, काही कण्या राहतात. त्यासाठी कॉफीचाच ग्राइंडर लागतो. तो नसेल तर चाळणी उजेडाकडे धरून पाहा. तळाला बाहेरून एकच बारीक छिद्र दिसले, तर ती दुहेरी तळाची चाळणी. ती स्वतःच पाण्याला अडवते, म्हणून बाजारातील तयार पुडीवरही भागते. सुरुवात तिच्यापासून करण्यात कमीपणा काही नाही. फक्त पुडीच्या पाकिटावर चिकोरीचे प्रमाण लिहिलेले असते, ते वाचावे. फिल्टर कॉफीला चिकोरी शोभते. या यंत्रात मात्र निव्वळ कॉफीच घालावी. दाणे घेताना भाजल्याची तारीख पाहावी. भाजून एक-दोन आठवडे झालेले दाणे उत्तम. कालपरवा भाजलेल्या दाण्यांत वायू फार असतो, त्यामुळे धार फसफसते.

आता माप. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा आणि घड्याळ, एवढी सामग्री पुरे. चाळणी १८ ग्रॅमची असेल तर १८ ग्रॅम पूड घ्यावी, कपात ३६ ग्रॅम कॉफी उतरू द्यावी, आणि त्याला २५ ते ३० सेकंद लागावेत. पंधरा सेकंदांतच कप भरला, तर दळण बारीक करा. चाळीस सेकंद झाले तरी धार नीट येईना, तर जाड करा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला. पूडही वाढवली, दळणही बदलले, दाबलेही अधिक जोरात, तर कशाने काय झाले ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. आणखी एक. ग्राइंडरच्या पोटात आधीच्या दळणाची थोडी पूड उरलेली असते. म्हणून दळण बदलल्यावर पहिल्या कपावरून निकाल देऊ नये. दुसरा चाखून पाहावा.

माप जुळूनही कॉफी एकाच वेळी आंबट आणि कडू लागते, असेही होते. शेताच्या बांधाला खेकड्याचे एक बीळ असले, की पाटाचे सगळे पाणी तिकडूनच जाते. चाळणीतही तसेच आहे. पूड एका बाजूला दाटली, दुसरीकडे सैल राहिली, तर पाणी सैल जागेतून वाट काढते आणि बाकीची पूड तशीच राहते. म्हणून गुठळ्या मोडून पूड सारखी पसरावी आणि दाबणी सरळ धरून दाबावी. फार जोर लावण्याने काही साधत नाही, सपाटी महत्त्वाची.

उष्णतेचे म्हणाल, तर दिवा लागला म्हणजे यंत्र तापले, असे समजू नये. दिवा पाण्यापुरता असतो. मुठीची वाटी थंडच असते. बहुतेक यंत्रांना १५-२० मिनिटे द्यावीत आणि वाटी जागेवर बसवूनच ठेवावी. मात्र विजेकडे लक्ष असू द्या. १५०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढते. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला अडॅप्टर लावून ते चालवू नये, १६ अँपिअरचे सॉकेट वापरावे. आणि धार अडली म्हणून मूठ लगेच फिरवू नका. आत दाब कोंडलेला असतो आणि उकळती पूड अंगावर उडते. पंप बंद करून, दाब उतरेपर्यंत थांबावे. बोअरचे जड पाणी वापरल्यास आत क्षार साचतात, तेही टाळावे.

शेवटी हिशोबाची गोष्ट. अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात १८ ग्रॅमप्रमाणे जेमतेम तेरा कप होतात. त्यांतले चार-पाच जुळवण्यात जाणार, असे धरूनच चालावे. जवळ एक वही ठेवा. ग्राइंडरचा आकडा, ग्रॅम, सेकंद आणि चव, एवढे चार शब्द दर कपाला लिहा. नवे पाकीट उघडले किंवा पावसाळी दमट हवा आली, की तोच आकडा चालेलच असे नाही. पुन्हा एक-दोन कप जुळवावे लागतात. वही असली की ती जुळवणी मागच्या आकड्यापासून सुरू होते, आणि यंत्र माळ्यावर न जाता ओट्यावरच राहते.