पाणी उकळले तरी हे रसायन जात नाही

आपल्या वस्तीत पाण्याची परीक्षा डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने होते. गढूळ दिसले तर तुरटी फिरवायची, वास आला तर उकळायचे, खारट लागले तर जार आणायचा. जुलाब, कावीळ, गॅस्ट्रो यांपासून ही सवय आपल्याला बरीच वाचवते, ती सोडू नका. पण या अंकात आम्ही ज्या रसायनांबद्दल लिहीत आहोत त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर ती मरत नाहीत. उलट पाणी जेवढे आटते तेवढी ती दाट होतात.

या रसायनांना पीफास म्हणतात. हे एक रसायन नाही, हजारोंचे खानदान आहे. कार्बन आणि फ्लोरिन या दोन मूलद्रव्यांची गाठ त्यांत असते आणि ती इतकी घट्ट असते की ऊन, पाऊस, जिवाणू, मातीतले किडे यांपैकी कोणालाही ती सहज सुटत नाही. म्हणून जगभर यांना 'कायमची रसायने' असे नाव पडले. निसर्गात ती नव्हती. माणसाने 1940 च्या सुमारास ती कारखान्यात बनवायला सुरुवात केली, कारण त्यांच्यावर पाणीही चिकटत नाही आणि तेलही. नॉनस्टिक तवा, पाणी न भिजवणारे कापड, तेलकट खाऊचा कागद, पेट्रोलची आग विझवणारा फेस, क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर वाफ उडू नये म्हणून टाकायचे द्रव्य, अशा शेकडो ठिकाणी ती गेली. तिथून सांडपाण्यात, तिथून ओढ्यात आणि विहिरीत.

किती प्रमाण घातक धरतात, ते समजून घेऊ. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल 2024 मध्ये या खानदानातल्या दोन जुन्या रसायनांसाठी, पीएफओए आणि पीएफओएस, पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली. आपल्या हिशेबात सांगायचे तर मिठाचा एक बारीक कण 10,000 लिटरच्या दीड टँकरमध्ये विरघळवला की साधारण तेवढे प्रमाण होते. जिभेला हे कळणे शक्य नाही. आपल्या देशात पिण्याच्या पाण्याचे मानक आयएस 10500 आहे, ते 2012 चे. त्यात शिसे आहे, आर्सेनिक आहे, नायट्रेट आहे, कीटकनाशके आहेत. पीफासची मर्यादा नाही. ज्याची मर्यादाच नाही ते तपासायला कोणी सांगत नाही, आणि तपासलेच नाही तर 'पाणी पिण्यायोग्य' असा शेरा बिनदिक्कत पडतो.

आता आपल्या नदीकडे बघू. 1 जानेवारीला आपण भीमेच्या काठी जातो. पेरणेच्या जयस्तंभासमोरून आणि पलीकडच्या शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमावरून वाहणारे ते पाणी भीमाशंकरच्या डोंगरातले असले तरी तोपर्यंत ते एकटे राहिलेले नसते. तुळापूरला त्यात इंद्रायणी मिळालेली असते आणि तिने पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्याकडचे सांडपाणी आणलेले असते. पुढे सणसवाडी आणि शिक्रापूरचे कारखाने आहेत. आणखी खाली मुळा-मुठा मिळते, म्हणजे पुणे शहर मिळते. नंतर भीमा शिरूर आणि दौंड यांच्या सीमेवरून वाहते, घोड नदी तिला येऊन मिळते, दौंड शहराच्या कडेने ती उजनीच्या पाणलोटात जाते. शिरूरकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंडकडे कुरकुंभची. कुरकुंभला रासायनिक कारखाने जास्त आहेत. तिथल्या आणि शेजारच्या पांढरेवाडीच्या शेतकऱ्यांची विहिरी बिघडल्याची तक्रार वर्षानुवर्षांची आहे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे की, असे कोणी म्हणेल. आहे. पण शहराचे असो की वसाहतीचे सामाईक असो, नेहमीच्या पद्धतीचे केंद्र जिवाणूंकडून घाण खाऊन घेते. पीफास जिवाणूंना पचत नाही. ते केंद्रातून बाहेर पडते, काही पाण्याबरोबर आणि काही गाळाबरोबर. तो गाळ खत म्हणून शेतात टाकला तर शेतातही जाते.

हे सगळे परदेशातले असेल असे वाटत असेल तर कोकणाकडे पाहा. इटलीच्या व्हिचेन्झा जिल्ह्यात त्रिसिनो नावाचे गाव आहे. तिथे मितेनी नावाचा कारखाना पीफास बनवत होता. 1960 च्या दशकात एका कापड उद्योगाची संशोधन शाखा म्हणून तो सुरू झाला. 2013 मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून कळले की व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादोवा या तीन जिल्ह्यांच्या भूजलात ही रसायने पसरली आहेत. साडेतीन लाखांच्या आसपास लोक त्या टापूत राहतात. सरकारने लोकांच्या रक्ताची तपासणी सुरू केली, आणि शाळकरी मुलांचे रिपोर्ट घरी आले तेव्हा आया रस्त्यावर उतरल्या. 'मम्मे नो पीफास', म्हणजे पीफासला नकार देणाऱ्या आया, असे त्यांनी आपल्या संघटनेचे नाव ठेवले. त्या कोणी रसायनशास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांनी कागद वाचायला शिकून घेतले, कोर्टात फिर्यादी म्हणून उभ्या राहिल्या आणि 26 जून 2025 ला व्हिचेन्झाच्या न्यायालयाने कारखान्याशी संबंधित 11 माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. सर्वांच्या शिक्षा मिळून 141 वर्षांच्या झाल्या.

कारखाना मात्र त्याआधीच, 2018 मध्ये, दिवाळखोरीत गेला होता. त्याची यंत्रे लिलावात निघाली. 2019 मध्ये ती लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या आपल्याकडच्या कंपनीच्या एका उपकंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आणली गेली. परवानगी घेऊन, कायद्याने. कायद्याने म्हणतो ते मुद्दाम, कारण प्रश्न नेमका तिथेच आहे. जिथे आयांनी आरडाओरड केली तिथे नियम कडक झाले, आणि जिथे नियमच नाही तिथे यंत्रे आली. लोटेच्या खाली दाभोळची खाडी आहे, आणि तिथले मच्छीमार भोई बांधव मासे मरण्याच्या तक्रारी पीफासच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत.

जाता जाता एक गोष्ट. महाडला चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी पाण्यावरचा माणसाचा हक्क सांगितला. त्याच महाडला आज सावित्रीच्या काठी रासायनिक वसाहत आहे. तळ्याला हात लावू न देणे हा एक प्रकार झाला. हात लावू देऊन पाणीच पिण्यालायक न ठेवणे हा दुसरा.

शरीरात काय होते? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात ड्युपॉन्टच्या कारखान्याजवळ विल्बर टेनंट नावाच्या शेतकऱ्याच्या गाई एकामागून एक मेल्या. रॉबर्ट बिलॉट या वकिलाने खटला लढवला आणि पुढे त्या भागातल्या सुमारे 69,000 लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. शास्त्रज्ञांच्या समितीने पीएफओएचा सहा विकारांशी संबंध जोडला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे आजार, आतड्याला व्रण पडण्याचा एक आजार, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2023 मध्ये पीएफओए माणसात कर्करोग करते असे जाहीर केले. लहान मुलांत लसीचा परिणाम कमी होतो असेही आढळले आहे.

घाबरून जाऊ नका. या आजारांना दुसरी पुष्कळ कारणे असतात, आणि वस्तीत कोणाला थायरॉइड निघाला की पाण्यावर बोट ठेवता येत नाही. पण हेही खरे की पीफास शरीरात गेले की लवकर निघत नाही. पीएफओए रक्तात निम्म्यावर यायला दोन ते चार वर्षे लागतात. रोज थोडे थोडे येत राहिले तर साठत जाते. अंगावर दूध पाजणाऱ्या आयांसाठी खास सांगतो: आईच्या दुधातून काही अंश बाळाकडे जातो, तरी अंगावर पाजणे बंद करू नये असाच डॉक्टरांचा सल्ला आहे. वरचे दूध किंवा पावडर त्याच पाण्यात कालवली तर काय मिळवले?

आता घरात काय करता येईल. पहिली गोष्ट निळा ड्रम. वसाहतीतून भंगारात येणारे रसायनांचे ड्रम आपल्या अनेक घरांच्या दारात पाण्यासाठी उभे असतात. स्वस्त पडतात, मोठे असतात, नळ दोन दिवसांनी येतो तेव्हा आधार वाटतात. पण त्यात आधी काय होते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेले द्रव्य साबणाने किंवा सोड्याने निघत नाही. त्यातले पाणी फार तर फरशी आणि संडाससाठी ठेवा. पिण्याचे, स्वयंपाकाचे पाणी माठात, स्टीलच्या टाकीत किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीच्या नव्या ड्रममध्ये. वसाहतीत कामाला जाणाऱ्यांनी कामाचे कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः लहानग्यांच्या, मिसळून धुऊ नयेत.

गाळणीबद्दल फसवणूक फार होते. कापड, तुरटी, कँडल, टीसीएल पावडर यांचा पीफासवर काही उपयोग नाही. आरओ ते बऱ्याच अंशी अडवतो, चांगल्या प्रतीचा कार्बन फिल्टरही अडवतो, पण कार्बन भरला की ते सुटून पुन्हा पाण्यात येऊ लागते. म्हणून जारवाल्याला विचारा: मेम्ब्रेन आणि कार्बन शेवटचे कधी बदलले? जार थंड आहे म्हणून शुद्ध ठरत नाही. आणि कर्ज काढून घरात आरओ बसवा असे आम्ही मुळीच सांगणार नाही. एकेका घराने यंत्र घ्यावे आणि गावाने गप्प बसावे, हे ज्यांच्या फायद्याचे आहे ते आपण नव्हे.

ग्रामपंचायतीला पाण्याच्या जागेनुसार लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. तुमच्या गावाचे कोणते, ते जलसुरक्षकाला विचारा. पण लक्षात ठेवा, हे कार्ड मुख्यतः जंतुदूषणाचा आणि स्वच्छतेचा धोका सांगते. हिरवे असले तरी पीफासबद्दल ते काही बोलत नाही. गावात वापरतात त्या साध्या तपासणी किटमध्येही ते दिसत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे महागडे यंत्र असलेली प्रयोगशाळा लागते. एका घराला हा खर्च परवडणारा नाही, ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेला परवडतो.

म्हणून 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वस्तीतल्या महिलांनी मिळून ठराव मांडावा. गावाच्या विहिरीचे, बोअरचे आणि नदीवरच्या योजनेचे पाणी पीफाससाठी तपासून अहवाल मराठीत फलकावर लावावा, एवढेच लिहा. ठरावाची प्रत शिक्क्यासह घ्या. दुसरीकडे माहितीच्या अधिकारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जवळच्या कारखान्यांची संमतीपत्रे मागा. त्यात कोणते उत्पादन, किती सांडपाणी, ते कुठे सोडायचे, हे छापलेले असते. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर अर्जाचे 10 रुपयेही लागत नाहीत. पाणी मिळण्याच्या हक्काबद्दल कोणी प्रश्न केला तर सांगा की सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

नमुना घ्यायला माणूस आला तर वस्तीतल्या दोघांनी सोबत उभे राहावे. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीतच घ्यावा, झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर नसावे, कारण टेफ्लॉन याच खानदानातले आहे. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ तिथेच लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.